काचेपलीकडची काठी

मोडलेले बँड पुन्हा एकत्र येतात, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. अशा कार्यक्रमांची रेकॉर्डिंग मी पुष्कळ ऐकली आहेत. गायकाचा आवाज उतरलेला असतो म्हणून गाणीही खालच्या पट्टीत आणलेली असतात. एखादा वादक नवा असतो आणि तो जुन्याची नक्कल फार नेमकी करतो, त्यामुळे ती नक्कलच ऐकू येते. समोरची माणसं रडतात, पण ती स्वतःचं कॉलेज आठवून. माझं म्हणणं एवढंच होतं, की बँड मोडला तर मोडू द्यावा, आपण अल्बम ऐकत राहावं. अल्बमचा आवाज बसत नाही.

एका बँडसाठी मात्र मी हे म्हणणं मागे घ्यायला तयार होते. तो म्हणजे आमच्या महाडचा ‘गंधक’.

‘गंधक’मध्ये तिघं होते. गिटार वाजवून गाणारे हरी, बेसवर चंदू आणि ड्रमवर उमरठचे सुनील. २००७ साली त्यांनी ‘घाट बंद’ नावाचा एकच अल्बम काढला. आठ गाणी, पाचशे सीड्या. त्यानंतर काही नाही. चंदू मस्कतला गेले, हरी महाडातच गणिताचे क्लास घेऊ लागले आणि सुनील गावी परतले. मी तेव्हा पहिलीत होते. अकरावीत असताना विनोदिनीमावशीने कपाट आवरताना ती सीडी मला दिली. २०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं. सीडी मात्र वाचली. तिच्या डबीच्या आतल्या बाजूला अजूनही गाळाची एक बारीक रेघ आहे. ती मी पुसलेली नाही.

हा अल्बम मी मोबाइलवर उलटसुलट ऐकत नाही, क्रमानेच ऐकते. तो क्रम विचार करून लावलेला आहे. पहिलं गाणं ‘भोंगा’, म्हणजे कारखान्याची पाळी सुटतानाचा आवाज, गिटारमधून काढलेला. चौथं ‘सव’, म्हणजे महाडजवळचं गाव, तिथल्या गरम कुंडावरचं. त्यात चंदूंचा बेस तळातून बुडबुडे आल्यासारखा वर येतो. आणि आठवं ‘उतरण’. सहा मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवात संथ, मग मधेच कुठेतरी गाणं वेग घेऊ लागतं आणि शेवटी घाटात गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखं सुटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीची कड धरली होती. अजूनही धरते.

ज्या गाण्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याचीच मी वाट लावली.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर मोजणं हेच काम. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी ‘उतरण’ मोजलं. दर मिनिटाला किती ठोके पडतात ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून त्याचा आलेख केला. ९२ वर सुरू होऊन गाणं ११८ वर संपतं. मराठी रॉक ऐकणाऱ्यांचा एक फेसबुक ग्रुप आहे, तिथे मी आलेखासकट लेख टाकला. लेख बरा होता. पण त्यात एक वाक्य होतं, आणि ते लिहिल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते: ‘हा ड्रमर नव्हे, हा कशेडी घाटातला ब्रेक गेलेला ट्रक आहे.’

लेख कोणी वाचला नाही. वाक्य सगळ्यांनी वाचलं. त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले. प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण सेजल मला महिनाभर ‘ट्रक’ म्हणूनच हाक मारत होती.

जानेवारीत बातमी आली, की ‘गंधक’ पुन्हा एकदा वाजवणार. महाडातला हॉल, फेब्रुवारीतला रविवार, दुपारी चार. चंदू मस्कतहून येणार. मी तीन तिकिटं काढली, मावशीसाठी, सेजलसाठी आणि माझ्यासाठी. कार्यक्रमाला दोन आठवडे उरले असताना ग्रुपवरून मला एकटीला हरीसरांचा मेसेज आला. (महाडात अर्धं गाव त्यांना सर म्हणतं, मीही.) मेसेज शब्दशः असा होता: ‘वल्लरी, कार्यक्रम बहुतेक रद्द करावा लागेल. सुनील नाही म्हणतोय. तुझा लेख त्याच्या वाचनात आला आहे. तुला दोष देत नाही, कळवलं फक्त.’

मी तो मेसेज सेजलला दाखवला. ती नेहमी काहीतरी टोमणा मारते. या वेळी तिने हातातली ब्युरेटची काचनळी खाली ठेवली आणि म्हणाली, “जा बाई उमरठला. फोन करू नकोस, जाच.”

रविवारी सकाळी स्कूटर घेऊन निघाले. पोलादपूरपर्यंत हायवे, पुढे उमरठचा रस्ता. वाटेत मी माफीची भाषा घोकत होते. माझ्या मनात दोन गोष्टी अगदी वेगळ्या होत्या. वाक्य वाईट होतं, त्याची माफी मागायची. मोजमाप बरोबर होतं, त्याची मागायची नाही.

सुनीलदादांचं घर गावाच्या वरच्या अंगाला आहे. ओटीवर त्यांच्या आई, बनुबाई, पावटा सोलत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, महाडहून आले म्हटलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि घराच्या मागच्या बाजूला हाक मारली.

“सुनील! ही बघ, तुझी ट्रकवाली आलीय.”

सुनीलदादा हात पुसत आले. चव्वेचाळीस वर्षांचा, शांत, रुंद खांद्यांचा माणूस. मागे अंगणात एक मोठा ढोल आडवा ठेवला होता आणि त्याच्या दोऱ्या ओढून ताणायचं काम चाललं होतं.

“बसा,” ते म्हणाले. “आई, पानी दे त्यास्नी.”

माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला अहोजाहो करत होता, त्यावरूनच किती बिनसलंय ते कळलं.

“सुनीलदादा, मी माफी मागायला आलेय.”

“कशाची? खोटं लिव्हलंय का तुमी?”

“नाही, म्हणजे आकडे खरे आहेत. पण ते वाक्य...”

“आकडे खरे ना? मंग झालं.” ते ओटीच्या पायरीवर बसले. “वाक्याचं काय एवढं नाय. माझा पुतन्या साहिल, त्यानंच दावलं. बोलला, काका, तुमी वायरल झालात. त्यानं बी पुरतं वाचलं नव्हतं. मी वाचलं. खरंच हाय ते. तवाच एकानं सांगितलेलं.”

“कोणी?”

“अल्बम केला त्या शहरातल्या स्टुडिओत मशीनवर बसलेला त्यानं. गानं संपलं, हरी फोन करायला भायेर गेला, चंदू बेस भरत हुता. तो मानूस मला बोलला, तुमचा ड्रमर पळतोय. त्याला वाटलं, मी सामान उचलनारा हाय.” सुनीलदादा किंचित हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “मी कोनाला बोललो नाय. घरी आलो, ड्रमला परत हात नाय लावला. वाटायचं, असंल त्याचं कायतरी. अठरा वर्षांनी तुमी कागदावर काढून दावलंत.”

माझ्या डोक्यात मी एका कलाकाराला टोमणा मारला होता. प्रत्यक्षात मी एका माणसाच्या अठरा वर्षांच्या शंकेवर शिक्का मारून दिला होता, आलेखासकट.

“लोकांना ते गाणं आवडतं,” मी म्हणाले. “मला तेच सगळ्यात जास्त आवडतं.”

“आवडंल. ट्रक घाटात सुटला की लोक बघतातच.”

बनुबाई पावटा सोलता सोलता म्हणाल्या, “गावात वाजवतो तवा कोन नाय बोलत त्याला पळतो म्हनून.”

“गावात मला कोन मोजत नाय, आई.”

तेवढ्यात दारात साहिल आला. पंचविशीचा, पनवेलला नोकरी करणारा, शनिवार-रविवारी गावी येणारा. “काका, चला. पोरं थांबलीत.” मग मला ओळखून तो इतका कानकोंडा झाला, की तसाच मागे वळला.

महाशिवरात्रीच्या सुमारास महाडला छबिना, म्हणजे देवाची मिरवणूक, असतो. त्या वेळी गावोगावच्या देवांच्या काठ्या वाजतगाजत नाचवतात. काठी म्हणजे दोन मजली घरापेक्षा उंच, कपड्यांनी मढवलेला बांबू. एकाच माणसाने तो कमरेशी धरून तोलायचा आणि तोलत तोलत नाचायचं. नाचवणाऱ्यांचा सराव महिनाभर आधी सुरू होतो. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत आज तोच होता. सुनीलदादांनी ढोल गळ्यात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बघायचं तर बघा. जेवून जा मंग.”

साहिलने काठी उचलली. सनई सुरू झाली, टिमकी सुरू झाली आणि मग ढोल. माझा हात सवयीने मोबाइलकडे गेला. ठोके मोजणारं अॅप मी उघडलं. ही सवय काही कौतुकाची नाही, पण ती आहे.

पडद्यावर आकडे पळू लागले. ८८. ९१. ९७. १०४. मग ९९. ९३. परत १०६. मनात आलं, हेच ते. हा माणूस खरंच कुठेही स्थिर राहत नाही. आणि त्याच वेळी मी मोबाइलवरून डोळे वर उचलले, म्हणून मला ते दिसलं. नाहीतर दिसलं नसतं.

सुनीलदादा ढोलाकडे बघत नव्हते. काठीच्या शेंड्याकडेही नाही. ते साहिलच्या पावलांकडे बघत होते. काठी पुढे कलली की तिच्या खाली जाण्यासाठी साहिलची पावलं घाई करायची, आणि ढोल त्या पावलांबरोबर घाई करायचा. काठी सरळ झाली, पावलं विसावली, की ढोलही विसावायचा. एकदा तर काठी इतकी कलली की बायकांनी तोंडावर हात घेतले. साहिल जवळजवळ धावला. ढोल त्याच्याबरोबर धावला, एक ठोकाही न सोडता, आणि काठी परत उभी राहिली.

अॅपवर तेव्हा ११७ आकडा होता.

सराव थांबल्यावर मी विचारलं, “दादा, ताल तुम्ही त्याला देता की तो तुम्हाला?”

“काय इचारता!” त्यांनी घाम पुसला. “नाचनाऱ्याच्या पायात ढोल घालायचा असतो. तो घाबरून पळाला तर आपन बी पळायचं. आपन म्हनलं, मी माझ्या चालीनं वाजवनार, तर त्याचा पाय तुटतो आन् काठी पडते. माझा बा, रावजी, त्यानं मला एवढंच शिकवलं. ताल नंतर, मानूस आधी.”

“आणि स्टुडिओत तुम्ही कुठे बघत होता?”

“कुठं म्हंजे? काचेपल्याड हरी उभा हुता. त्याच्या पायाकडं. दुसरीकडं बघून मला वाजवायला येतच नाय.”

हे बोलून ते दोऱ्या सैल करायला लागले. आपण काय बोललो याची त्यांना कल्पना नव्हती. मला होती. त्या क्षणी काही बोलले असते तर तो माझा आणखी एक अंदाज ठरला असता, आणि माझ्या एका अंदाजाने पुरेसं नुकसान केलं होतं. जेवले. बनुबाईंनी भाकरीवर भाकरी वाढली. परत येताना मी स्कूटर इतकी जोरात आणली, की पोलादपूरला भान येऊन वेग कमी केला.

आमच्या कामात ‘ब्लँक’ नावाची गोष्ट असते. नमुना न घालता तीच कृती एकदा करून बघायची, म्हणजे दिसणारा फरक नमुन्यामुळेच आहे की आणखी कशामुळे, ते कळतं. ब्लँक न घेता निकाल दिला तर आमच्याकडे रजिस्टरवर लाल शेरा पडतो. मी ‘उतरण’चा निकाल ब्लँक न घेता दिला होता. गाण्याचा वेग वाढतो एवढंच मी मोजलं होतं. तो कोणी वाढवला हे मोजलंच नव्हतं. ते मी गृहीत धरलं होतं, कारण वेग म्हणजे ड्रमर, असं आपण सगळेच धरून चालतो.

सुदैवाने त्या सीडीत हरीसरांची गिटार फक्त डाव्या बाजूने ऐकू येते. ड्रम, बेस आणि आवाज मधे आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे. म्हणून डाव्या बाजूतून उजवी वजा केली की मधलं सगळं पुसलं जातं आणि एकटी गिटार उरते. उजव्या बाजूला गिटार नाहीच, तिथे ड्रम मोकळे सापडतात. सोमवार आणि मंगळवार, कामावरून आल्यावर, मी दोन्हींचे ठोके वेगळे काढून शेजारी शेजारी मांडले. आधी बाकीच्या सात गाण्यांचे. तो माझा ब्लँक. तिथे गिटार आणि ड्रम बरोबरीने होते, ड्रमच एखाद्या केसाइतके पुढे. मग ‘उतरण’. तीन मिनिटं बावन्न सेकंदांपर्यंत तसंच. आणि तिथून पुढे गिटार निसटते. सेकंदाच्या पन्नासाव्या, चाळिसाव्या, तिसाव्या भागाने ती पुढे जाते, ड्रम तिला गाठतात, ती परत जाते, ते परत गाठतात. तीन बावन्ननंतर दोनशे नव्वद ठोके आहेत. त्यांतल्या दोनशे एकसष्ट ठिकाणी गिटार आधी आहे.

ब्रेक गेलेला ट्रक कोणी असेलच, तर तो सुनीलदादा नव्हते. ते त्याच्या बरोबरीने धावणारे होते.

मला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. चहा करायला उठले आणि लक्षात आलं, की मी एका माणसावरचा ठपका काढून दुसऱ्यावर ठेवायला निघाले आहे. सुनीलदादा येत नाहीत म्हणून कार्यक्रम रद्द. आता हरीसर दुखावले तर तो दुसऱ्या बाजूने रद्द. आणि दोन्ही वेळा कारण मीच.

बुधवारी पाळी संपल्यावर मी त्यांच्या क्लासवर गेले. शेवटची बॅच नुकतीच सुटली होती. फळ्यावर अर्धवट पुसलेलं त्रिकोणमितीचं गणित होतं. मी लॅपटॉप बाकावर ठेवला आणि आलेख उघडला. काही प्रस्तावना केली नाही, कारण तयार केलेली सगळी विसरले होते.

गणिताच्या मास्तरांना आलेख समजावून सांगावा लागत नाही. दोन रेघा जिथे फुटतात तिथे त्यांनी बोट ठेवलं.

“ही निळी मी?”

“हो.”

“हा बिंदू किती?”

“तीन बावन्न. तिसरं कडवं संपतं तिथे.”

त्यांनी बोट निळ्या रेघेवरून शेवटापर्यंत नेलं. मी मनात माझी वाक्यं जुळवत होते, की यात दोष असा कोणाचा नाही वगैरे. तेवढ्यात सर बाकावर बसले आणि हसायला लागले. साधं नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“तिथे घड्याळ होतं गं,” ते म्हणाले.

“कुठे?”

“सुनीलच्या डोक्यावर. काचेच्या पलीकडच्या भिंतीवर. पाच वाजता आमची वेळ संपत होती, बाहेर दुसरे लोक येऊन बसले होते. आणि साडेपाचला पोलादपूरची गाडी होती, ती शेवटची. तिसरं कडवं संपलं, मी वर बघितलं, तर पाचाला तीन मिनिटं कमी. आणि गाणं अजून एवढं बाकी!”

मी वहीत आकडेमोड केली, राहवलं नाही म्हणून. “आधीच्या चालीने वाजवलं असतं तर उरलेल्या भागाला तीन मिनिटं नऊ सेकंद लागली असती. तुम्ही दोन अठ्ठेचाळीसमध्ये संपवलंत.”

“म्हणजे बारा सेकंद शिल्लक. बघ, हिशेबात मी तेव्हाही चांगला होतो.”

“सर, पण सुनीलदादांना हे माहीत नाही. तुम्ही फोन करायला बाहेर गेलात तेव्हा तिथला माणूस त्यांना म्हणाला, ड्रमर पळतोय. त्यांनी ड्रम त्यामुळे सोडले.”

सरांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला.

“मी घरी कळवायला गेलो होतो. गाडीला बसतोय म्हणून.” मग तो पुसत, “मला वाटायचं, त्याचं मन उडालं. आपल्याला काय, शहरातली हौस, त्याला शेती आहे, असं मीच मनाशी ठरवून टाकलं. विचारलं नाही कधी. अठरा वर्षांत एकदा विचारायला काय झालं होतं?”

त्यांनी मोबाइल काढला, नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवून बाकावर टेकवला. पलीकडून आधी कोंबडी ओरडली, मग आवाज आला.

“बोल रे मास्तर. मी नाय सांगितलंय ना तुला?”

“सुन्या, ‘उतरण’ मी पळवली.”

“काय?”

“मी पळवली. साडेपाचची गाडी होती. तुझ्या डोक्यावर घड्याळ होतं, मी ते बघून वाजवत होतो.”

पलीकडे कोंबडी परत ओरडली.

“मी तुझ्या पायाकडं बघत हुतो,” सुनीलदादा म्हणाले.

“आत्ता कळलं मला. ती ट्रकवाली इथे समोर बसली आहे, आलेख घेऊन.”

“म्हंजे ट्रक तू?”

“ट्रक मी.”

“आन् मी कोन मंग?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे वाकून म्हणाले, “दादा, तुम्ही काठी पडू दिली नाहीत. सर पुढे पळालेत आणि प्रत्येक वेळी तुम्ही त्यांना गाठलंय. दोनशे नव्वदपैकी दोनशे एकसष्ट...”

“आकडे नको गो आता,” सुनीलदादा म्हणाले.

गो! मी बाकाच्या पाठीला टेकले. रविवारपासून मी किती ताठ बसत होते, ते पाठीला तेव्हा कळलं.

“मास्तर,” पलीकडून विचारपूर्वक आवाज आला, “पन ती गाडी तर चुकली हुती आपली.”

“चुकली.”

“चंदूचा बेस टॅक्सीत मावंना. डिकीतनं पडला हुता.”

“हो. आणि मग आपण टेम्पोत मागे बसून पनवेलपर्यंत आलो. कांद्याच्या.”

“कांद्याच्या! आन् जी गाडी आपल्याला गावलीच नाय, तिच्यापायी मी अठरा वर्सं...” पुढचं वाक्य पुरं झालं नाही. आधी मला वाटलं, ते रडताहेत. सरांनाही तसंच वाटलं असावं, ते उठून उभे राहिले. पण ते हसणं होतं, पोटातून येणारं, थांबवता न येणारं, आणि त्यामागून बनुबाईंचा आवाज: “काय रे, काय झालं येवढं? भूत लागलं का काय?”

“आई, मी नाय पळालो! हरी पळाला!”

“मंग मी काय बोलत हुती तुला?” बनुबाई म्हणाल्या.

हसू ओसरल्यावर सुनीलदादा म्हणाले, “येतो मी. पन माझं दोन ठिकानी ऐकायचं. एक, तू बूट घालायचं नाय. पाय दिसले पायजेत मला.”

“आणि दुसरं?”

“दुसरं तिथं आल्यावर सांगीन.”

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. दोन रेघांचा आलेख, आणि वर स्पष्ट लिहिलं, की माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. पहिल्या लेखातलं वाक्य हजारोंनी फिरवलं होतं. दुरुस्ती सत्तावीस जणांनी वाचली. सेजल म्हणाली, “तू याही वेळी एखादा ट्रक घालायला हवा होतास.” सत्तावीसमध्ये साहिल होता, आणि त्याने ती काकांना पूर्ण वाचून दाखवली. मला तेवढे पुरे होते.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तीनलाच हॉलवर पोचले. चंदू बेस लावत होते. ते गोल झाले होते आणि सगळ्यांना मस्कतचे खजूर वाटत होते. हरीसर खरोखरच अनवाणी, स्टेजवर थंडगार लादी म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. सुनीलदादा साहिलला घेऊन आले. त्यांनी ड्रम मागे मधोमध लावू दिले नाहीत, एका बाजूला, तिरके लावून घेतले, म्हणजे सरांची पावलं दिसतील. मग स्टेजच्या कडेला येऊन त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. दारावर हॉलचं मोठं गोल घड्याळ होतं.

“हे दुसरं,” ते म्हणाले. “साहिल, स्टूल घे. काढ ते.”

“काका, हॉलवाले ओरडतील.”

“ओरडू देत. काढ.”

साहिलने स्टुलावर चढून घड्याळ काढलं. ते कुठे ठेवायचं कोणाला सुचेना. सुनीलदादा खाली आले, त्याच्या हातातून घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

“तू धर गो. तुला मोजायची आवड हाय.”

चारला हॉल भरला. ‘भोंगा’ झालं, ‘सव’ झालं. सरांचा आवाज उतरलेला होता. गाणी एक सूर खाली आणली होती. सगळं मी आधी म्हणत होते तसंच होतं, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. शेजारी विनोदिनीमावशी रडत होती. कॉलेज आठवून असेल, मी विचारलं नाही.

शेवटी ‘उतरण’. सुनीलदादांनी काठ्या उचलल्या आणि त्या दोन पांढऱ्या पावलांकडे नजर लावली. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तिसरं संपलं आणि सरांनी सवयीने मान वर केली, थेट दाराच्या वर. तिथे घड्याळाच्या आकाराचा स्वच्छ गोल डाग होता, बाकी भिंत मळलेली. सर माइकमध्येच हसले. त्यांनी बाजूला वळून सुनीलदादांकडे बघितलं. सुनीलदादांनी मान हलवली: चल.

मग ते दोघं निघाले. वेग वाढत होता, पण या वेळी कोणी कोणाला गाठायला धावत नव्हतं. घड्याळ माझ्या मांडीवर पालथं होतं. त्याची टकटक मला गुडघ्यात जाणवत होती, आणि ती ड्रमशी कुठेच जुळत नव्हती.